बीडच्या जिमखान्यांच्या वह्या

अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें केंद्रसरकारचें द्रव्य घेणाऱ्या महाविद्यालयांस लिंगभेदाची मनाई झाली व मुलींस मैदान मिळालें. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाहीं. आधार राज्यघटनेच्या १५ व्या कलमाचा. निजामी अंमलांतून सुटलेल्या बीडास तो २६ जानेवारी १९५० रोजीं लाभला. स्त्रियांच्या खोखोचा पहिला विश्वचषक भारतानें जानेवारी २०२५ मध्यें जिंकला. संघनायिका प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यांतील. घडली मात्र पुण्याकडे! मग जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीं मुलींस काय दिलें? जिमखान्याची फी तर मुलीहि भरीत आल्या; ती कोणाच्या खेळावर खर्चिली, हें आमच्या मतें जमाखर्चाच्या वह्याच सांगतील. पोथ्या जमविणाऱ्यांनीं त्या रद्दींत जाण्यापूर्वीं मागून घ्याव्या.