रंग बघायचा, नंबर लिहायचा

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो. गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, हार-कुंकू होते, नारळ फुटतो आणि बोली सुरू होते. अडत दुकानाच्या फरशीवर मांडलेल्या गुळाभोवती खरेदीदार वाकून उभे असतात. कुणी नखाने टवका काढतो, कुणी चुरा बोटांत चोळून कणी बघतो, कुणी चिमूटभर जिभेवर ठेवतो. पण त्याआधीच डोळ्यांनी आपले काम उरकलेले असते. पिवळाधमक, केशरी, तांबूस की काळपट, हे लांबूनच ठरलेले असते.

मग अडत्याचा दिवाणजी लिहायला घेतो, आणि तो रंग लिहीत नाही. तो लिहितो स्पेशल, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. नंबराखाली रवे मांडतो, वजन धरतो, दर टाकतो. संध्याकाळी दोन नंबरचे रवे किती गेले असे कुणी विचारले, तर त्याला फरशीकडे बघावे लागत नाही. रंगाची मोजदाद वहीत केव्हाच झालेली असते.

कोल्हापुरात ही शिस्त एका रात्रीत आली नाही. 1891 साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात पोचली. 1894 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टेशनच्या परिसरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवायला सुरुवात केली. गूळ हा तिचा कणा. गावातल्या गावात विकायचा गूळ ओळखीवर विकता येतो. घेणारा आणि देणारा दोघेही गुऱ्हाळ ओळखत असतात. माल घेणाऱ्या गुजरातच्या पेढीला मात्र कोल्हापूरची काहील दिसत नाही. तिच्यापर्यंत रंग पोचवायचा तर त्याला आकड्याचे नाव द्यावे लागते. दूरच्या व्यापाराने नंबर आवश्यक केला.

त्या नंबरामागे गुऱ्हाळावरची सगळी मेहनत असते. चुलवाणावर काहील चढते, खाली चिपाडांचे जळण लागते. रस तापला की वर येणारी मळी काढत राहायची, ती सुटी व्हावी म्हणून भेंडीचा चिकट रस घालायचा. पाक नेमका केव्हा उतरवायचा हे गुळव्या सांगतो. थोडा उशीर झाला तर गूळ काळवंडतो, घाई झाली तर नीट बसत नाही. जमिनीचाही हात असतो. खारवट, चोपण रानातल्या उसाचा गूळ काळपट उतरतो, नदीकाठच्या निचऱ्याच्या रानातला उजळ. पंचगंगा-भोगावतीच्या खोऱ्याने कोल्हापुरी गुळाला जे नाव दिले, त्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनाची मोहोरही मिळाली.

पण दर रंगावर ठरू लागला, की रंग बनवताही येतो. काहिलीत हायड्रॉस पावडर टाकली की गूळ पिवळाजर्द दिसतो. काही महिने साठवला की तो पुन्हा काळवंडू लागतो, आणि मागे राहतो गंधकाचा अंश. म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दर दहा लाख भागांत 70 भागांची मर्यादा आहे. ती मर्यादा डोळ्यांना दिसत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. तांबूस दिसणारा, काहीही न मिसळलेला गूळ आज सेंद्रिय म्हणून मुद्दाम मागून घेतला जातो. एकेकाळी खालच्या नंबरात गेलेला रंग आता काही गिऱ्हाइकांना खात्रीचा वाटतो.

रंगावरून मोजणी करण्याचा मोठा प्रयोग मात्र बाजाराने नव्हे, सरकारने केला. 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आल्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याहून जास्त असेल तर पांढरी. कोल्हापूरच्या पेठांपासून शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाड्यांपर्यंत घराची आर्थिक ओळख एका शब्दात होऊ लागली. ‘आमचं पिवळं कार्ड आहे’ एवढे म्हटले की तलाठ्यापासून दवाखान्यातल्या खिडकीपर्यंत सगळ्यांना पुढचे समजत असे. तालुक्यात पिवळी किती, केशरी किती, एवढ्यावर धान्याचा हिशेब बसे.

तो हिशेब पुढे अपुरा पडला. 2000 च्या अखेरीस अंत्योदय योजना आली आणि पिवळ्यातच आणखी एक गट पडला. त्यानंतर 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला, महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी 1 फेब्रुवारी 2014 पासून झाली. उत्पन्नाची नवी मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये ठरली. आता एकाच केशरी रंगाची दोन कार्डे शेजारच्या दोन घरांत असली, तरी एकाला माणशी पाच किलो धान्य आणि दुसऱ्याला नाही, असे होऊ लागले. फरक कुठे होता? कार्डावरच्या शिक्क्यात. ‘प्राधान्य कुटुंब’ हे दोन शब्द ज्याच्या कार्डावर उमटले, त्याचे धान्य सुरू झाले. रंग तोच राहिला, मोजणी शिक्क्यावर गेली.

पंचगंगेच्या पूररेषांची गोष्ट याच्या उलट आहे. नकाशावरची निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. इथे आकडा आधी ठरला आणि रंग नंतर भरला. त्यामुळे कुठले घर कुठल्या रेषेच्या आत येते, हे मोजून सांगता येते.

रंग मोजण्याचा पेच आज संगणकाच्या पडद्यावरही आहे. एखाद्या संस्थेच्या कार्यालयात कर्मचारी सभासदांची यादी एक्सेलमध्ये उघडतो. पैसे भरले त्याची चौकट हिरवी, थकले त्याची लाल, अर्धे आले त्याची पिवळी. रंगवताना सगळे लख्ख दिसते. वर्षअखेरीला साहेब विचारतात, ‘लाल किती?’ आणि सूत्र काहीच बोलत नाही. काउंटइफ हे सूत्र चौकटीतला मजकूर वाचते, तिचा रंग वाचत नाही. त्याच्या लेखी रंग हा कपडा आहे, अंग नव्हे.

वाटा आहेत. 2007 च्या आवृत्तीपासून रंगानुसार गाळणी लावता येते. लाल तेवढे समोर ठेवून सबटोटल घेतले की संख्या मिळते. मॅक्रो लिहिणारे चौकटीच्या रंगाचा क्रमांक काढून मोजतात. पण रंग बदलला म्हणजे मजकूर बदलला असे एक्सेल मानत नाही. दुपारी कुणी पैसे भरले, चौकट हिरवी झाली, तरी मॅक्रोने काढलेली थकबाकीदारांची बेरीज पुन्हा गणित करायला लावेपर्यंत सकाळचीच राहते. अशा जुन्या आकड्यावर नोटीस निघाली, तर पैसे भरलेल्या माणसाच्या दारात वसुलीचा कागद जातो. म्हणून जाणते लोक शेजारी ‘स्थिती’ नावाचा एक रकाना घालतात, त्यात ‘भरले’, ‘थकले’, ‘अर्धे’ असे लिहितात, आणि त्या शब्दावरून रंग आपोआप चढेल अशी सोय करतात. शब्द बदलला की रंगही बदलतो, बेरीजही.

यार्डातल्या दिवाणजीने हा रकाना फार पूर्वीच आखलेला आहे. त्याच्या वहीचा पुठ्ठा लाल असतो, आतली अक्षरे एकाच शाईची. सौदा आटोपला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. तिच्यावर रव्यांची संख्या, वजन, दर, हमाली-तोलाईची वजावट, आणि सुरुवातीलाच नंबर. घरी परतताना तो ती उलगडतो, ‘दोन नंबर’ वाचतो, आणि आपल्या काहिलीतला पाक त्या दिवशी किती तांबूस उतरला होता ते त्याला पुन्हा दिसते.