खपणारे गाणे आणि ऐकणारा माणूस

सुमार गाणी खपतात ती लोकांची अभिरुची हीन म्हणून, हे उत्तर प्रस्थापित समीक्षेला फार सोयीचे आहे. त्यात खालच्या माणसाला दोष देता येतो आणि बाजाराची झडती घ्यावी लागत नाही.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढच्या दशकात आंबेडकरी जलसे फोफावले. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेतला, चालीही लोकांच्या ओठांवरच्याच घेतल्या. आशय मात्र मुळापासून बदलला. वामनदादा कर्डकांनाही सिनेमाच्या चालीचे वावडे नव्हते. तेव्हा उसनी चाल हा दोष मानता येत नाही. जलशातला शाहीर श्रोत्यांसमोर उभा असे. गॅसबत्तीच्या उजेडात त्यांचे चेहरे त्याला दिसत. ओळ पोकळ निघाली तर माणसे उठून जात. ही समीक्षाच होती, आणि ती कोणत्याही मासिकात छापली जात नव्हती.

तबकडीच्या काळात ध्वनिमुद्रण हे बड्या भांडवलाचे काम होते, एच.एम.व्ही.चा त्यावर जवळजवळ एकछत्री अंमल होता. तो कॅसेटने मोडला. मूळ ध्वनिमुद्रण जुने झाल्यावर तेच गाणे दुसऱ्या आवाजात काढू देणारी तरतूद 1957च्या कॉपीराइट कायद्यात होती. 1983 मध्ये सुपर कॅसेट्स काढणाऱ्या गुलशनकुमारांनी तिचा आधार घेऊन जुनी लोकप्रिय गाणी स्वस्तात विकली. ओळखीची चाल असली की जाहिरातीचा खर्च वाचतो. दहा गाणी पडली तरी एक चालले की भागते. मग शब्दांवर मेहनत कोण कशाला घेईल?

पण याच स्वस्ताईने प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वाड्यावस्त्यांत पोचवले, हेही खरे. आनंद शिंद्यांच्या 'नवीन पोपट हा'ला नाक मुरडणाऱ्यांनी त्याच गळ्यातली भीमगीते कधी ऐकली होती?

पोलादपूरच्या डोंगरातली गावे पिढ्यान् पिढ्या मुंबईला माणसे पुरवत आली. शिमग्याला परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत कॅसेट असे. मिनीडोरमध्ये, हळदीत, लग्नाच्या मांडवात तीच वाजे. तिथे ऐकणाऱ्याला कोणी विचारत नाही, त्याला उठूनही जाता येत नाही. विसाव्यांदा ऐकलेले गाणे आपलेच वाटू लागते.

2006 मध्ये सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या अमेरिकेतील संशोधकांनी चौदा हजारांवर श्रोत्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी गाणी दिली. काहींना इतरांनी किती वेळा उतरवून घेतली तो आकडा दाखवला, काहींना नाही. आकडा दिसताच गर्दी मोजक्या गाण्यांमागे धावली, आणि प्रत्येक गटात ती गाणी निराळी निघाली. अगदी उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही, अगदी वाईट सहसा वर आले नाही. मधल्यांचे काहीही झाले. यूट्यूबवर प्रत्येक गाण्याखाली असाच आकडा असतो.

आमचे दुखणे याच्या पुढचे आहे. हळदीत वाजलेला ठोका जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर भीमगीताखाली येतो. नाव उरते, हकीकत गळते. 1923चा बोले ठराव, 1924चा महाड नगरपालिकेचा ठराव, सुरबानाना टिपणीस, महाडची परिषद भरावी म्हणून खटपट करणारे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, हे सारे त्या ठोक्यात कुठे बसवायचे?