फीट, थंड पाणी आणि खरी कसोटी

काही वर्षांपूर्वी पेणजवळ रामवाडीला एसटीची वाट पाहत होतो. शेजारच्या तरुणाला फीट आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला, एकाने बाटलीभर गार पाणी तोंडावर ओतलं. "डोकं थंड झालं की उतरेल," तो म्हणाला. मागून एक आजी पुटपुटल्या, "असर आहे." दोन-तीन मिनिटांत तरुण शुद्धीवर आला आणि श्रेय पाण्याला मिळालं.

असर की आजार, हा वाद जुना आहे. हिप्पोक्रेट्सच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथाने या रोगाचं मूळ मेंदूत असल्याचं सांगितलं. इब्न सीनाने (मृत्यू 1037) 'अल-कानून'मध्ये 'सरअ' मेंदूच्या विकारांत घेतला. बुखारीतल्या हदीसमध्ये झटके येणारी एक स्त्री पैगंबरांकडे (स.) येते. सब्र केलास तर जन्नत, हवं तर बरं होण्यासाठी दुआ करतो, असं ते सांगतात. ती सब्र निवडते. फक्त झटक्यात अंग उघडं पडू नये, एवढी दुआ मागते. ते ती करतात. तिची इज्जत आधी जपली जाते.

थंडाव्याची कल्पनाही निव्वळ खुळी नव्हती. शरीर गार केलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज घटते. 1984 मध्ये औषधांना न जुमानणारे झटके असलेल्या मोजक्या मुलांवर हा उपाय केल्याची नोंद छापून आली. आशा वाढली, पण आशा म्हणजे पुरावा नव्हे.

कसोटी फ्रान्समध्ये झाली. झटके न थांबल्याने व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या 268 प्रौढांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर 24 तास 32 ते 34 अंश सेल्सिअसवर ठेवलं, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. 90 दिवसांनी चांगले सावरलेले 49 टक्के आणि 43 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. गार केलेल्यांत न्यूमोनिया थोडा जास्तच दिसला. 2016 मध्ये निष्कर्ष छापताना डॉक्टरांनी हे सरळ लिहिलं.

आयसीयूतला मोजून दिलेला थंडावाही सरसकट उपाय ठरला नाही, तिथे बाटलीतल्या पाण्याचं काय! बहुतेक झटके आपोआप थांबतात, म्हणून चप्पलही जिंकते आणि पाणीही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात गेलेलं पाणी मात्र श्वासनलिकेत उतरू शकतं.

पुन्हा असं दिसलं तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर 108 ला फोन करा. आणि अंगावरचा कपडा नीट करा. त्या बाईने एवढंच मागितलं होतं.