आवाजाचे मोल

दिवाळी आली की गाण्याबजावण्याला बहर येतो. पहाटेच्या मैफली रंगतात, चाळींच्या चौकांत वाद्यवृंद वाजतात, कोकणात जत्रांचे दिवस जवळ येतात. रसिक गाण्याला दाद देतात. पण मंचाच्या कडेला, तारांच्या गुंत्यात एक पेटी मुकाट्याने तापत असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ॲम्प्लिफायर तिचे नाव. वादकाच्या संसारात मात्र तिचे स्थान मोठे आहे. एका सुपारीची बिदागी साथीदारांत वाटून झाल्यावर हातात जे उरते, त्यातून ही पेटी घ्यायची असते. महाग घ्यावी तर कर्ज होते, आणि भलतीच स्वस्त घ्यावी तर ऐन रंगात आलेल्या मैफलीचा बेरंग होतो. हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्याच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

विजेने आवाज वाढवण्याची सोय नव्हती, तेव्हा दणदणीत आवाज हीच गायकाची इस्टेट होती. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर! रंगमंचावर माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे ते केवळ छातीच्या बळावर. ज्याचा गळा गोड पण लहान, त्याने घरगुती बैठकीत गावे आणि समाधान मानावे, असा त्या काळाचा न्याय. किती मधुर गळे या न्यायाने उंबऱ्याच्या आतच राहिले असतील, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

हा न्याय बदलण्याची सुरुवात दूरदेशी झाली होती. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली काचेचा एक व्हॉल्व्ह तयार केला. विजेची क्षीण लहर त्यात घालावी आणि तिचेच मोठे रूप बाहेर काढावे, ही त्याची करामत. १९१५ साली नाताळच्या सुमारास जेन्सन आणि प्रिडम या जोडीने सान फ्रान्सिस्कोच्या चौकात मोठा जनसमुदाय जमवून आपला लाउडस्पीकर ऐकवला, आणि १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी सान दिएगो येथे अशाच यंत्रातून भाषण केले. म्हणजे वाढवलेल्या आवाजाचा पहिला मान पुढाऱ्यांना मिळाला. पुढे बोलपटगृहांनी ही यंत्रे घेतली. रोजच्या बिदागीवर जगणाऱ्या वादकाला मात्र ती अजून दूरच होती.

या वादकांत सर्वांत केविलवाणी अवस्था होती गिटारवाल्याची. तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गदारोळात त्याची गिटार शेजाऱ्यालाही धड ऐकू जात नसे. त्याने ठेका धरावा आणि कोपऱ्यात बसावे. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण कृष्णवर्णीय वादक बेनी गुडमन याच्या ताफ्यात विजेची गिटार घेऊन दाखल झाला, आणि कोपऱ्यातले वाद्य एकदम पुढे आले. बिचारा १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षीच गेला. पण गिटार काही पुन्हा कोपऱ्यात गेली नाही.

आता प्रश्न उरला किमतीचा. तो सोडवला कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. लिओ फेंडर हा मूळचा हिशेबनीस. मंदीच्या दिवसांत नोकरी गेली, तेव्हा सहाशे डॉलर उसने घेऊन त्याने १९३८ साली फुलर्टन गावी दुकान थाटले. वाचकांना नवल वाटेल, पण त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याला येत होते ते ऐकणे. वादक मोडकी यंत्रे घेऊन येत, तक्रारी सांगत, आणि हा गृहस्थ त्या तक्रारी मनात साठवी. पेटी प्रवासात कुठे फुटते, कोणता भाग आधी जळतो, उघडायला किती वेळ लागतो, हे सारे त्याला दुरुस्तीच्या टेबलावरच कळले. म्हणून १९४६ नंतर त्याने ज्या पेट्या बनवल्या, त्यांत नखरा कमी आणि टिकाऊपणा जास्त. बाहेरून प्रवासी बॅगेसारखे जाडेभरडे कापड, आतून कोणाही कारागिराला उघडून नीट करता येईल अशी मांडणी. स्वस्ताई कशी करावी याचा हा पहिला धडा: शोभा सोडावी, मजबुती सोडू नये.

दुसरा धडा लंडनचा. जिम मार्शल हा ढोलवादक आणि ढोलाचा शिक्षक. १९६० साली त्याने हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान काढले. गिटार वाजवणारी पोरे दुकानात येत आणि अमेरिकन ॲम्प्लिफायरची मागणी करत. पण समुद्रापलीकडून आलेल्या मालाची किंमत त्यांच्या खिशाला झेपत नसे. तेव्हा दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक तरुण यांना हाताशी धरून मार्शलने फेंडरचाच ‘बेसमन’ हा नमुना समोर ठेवला आणि इंग्लंडच्या बाजारात मिळतील ते भाग घालून १९६२-६३ च्या सुमारास आपली पेटी उभी केली. भाग बदलले तसा आवाजही बदलला, जाड आणि कर्कश झाला, आणि पोरांना नेमका तोच आवडला! अडचणीपोटी केलेल्या बदलातून संगीताचा एक नवा बाज जन्माला आला.

आवाज मग वाढतच गेला, आणि त्यातून नवीनच पेच उभा राहिला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या चौघांनी पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे गाणी म्हटली. प्रत्येक गिटारीमागे शंभर वॅटची पेटी होती, आणि गायनासाठी स्टेडियमचे कर्णे. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत या चौघांना आपलेच गाणे ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी जाहीर दौरे कायमचे थांबवले. नुसता मोठा आवाज पुरत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू यावा लागतो, आणि कोणता आवाज किती ठेवायचा याचा कोणीतरी मेळ घालावा लागतो, हे या प्रकरणातून जगाला कळले.

हा मेळ घालणारी पेटी म्हणजे मिक्सर. स्टुडिओतले मिक्सर कपाटासारखे अवजड आणि तसेच महाग. १९६९ साली ग्रेग मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्याने अमेरिकेत ‘टॅप्को’ ही कंपनी काढून फिरत्या वादकांसाठी लहान मिक्सर बनवायला घेतले. पुढे अंकांची, म्हणजे डिजिटल, भाषा आली. एका सेकंदात आवाजाची अठ्ठेचाळीस हजार मापे घ्यायची आणि त्या आकड्यांवर गणित करून सूर घासूनपुसून घ्यायचे, असा तो प्रकार. १९८७ मध्ये यामाहाने आठ वाटांचा डिजिटल मिक्सर बाजारात आणला, आणि १९९४ मध्ये ‘प्रोमिक्स ०१’ हा दोन हजार डॉलरांच्या आत बसणारा. २०१२ साली बेहरिंगर कंपनीच्या ‘एक्स ३२’ने बत्तीस माइकांची सोय मध्यम ताफ्याच्या आवाक्यात आणून ठेवली. आता तर बटणेच नसलेली छोटी पेटी मंचावर ठेवतात आणि श्रोत्यांत बसून हातातल्या टॅब्लेटवरून आवाज लावतात.

आपल्याकडेही ही गोष्ट समांतर घडत होती. दिल्लीला १९४० साली सुरू झालेल्या आहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर आणि कर्णे गावोगावच्या मांडवांत पोचले. मुंबईच्या आणि कोकणच्या बेंजो पार्ट्यांनी तर बुलबुलतरंगासारख्या नाजूक वाद्याला विजेची जोड देऊन त्याला ढोल-ताशांच्या बरोबरीने मिरवणुकीत उभे केले. चार्ली ख्रिश्चनच्या गिटारीचे नशीब आमच्या बेंजोलाही लाभले म्हणायचे!

तेव्हा नवी पेटी घेताना काय पाहावे? पहिली गोष्ट, वॅटच्या आकड्याला भुलू नये. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. उलट एक वॅटला एक मीटरवर ९१ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९७ डेसिबल देणारा घेतला, तर चौथ्या हिश्श्याच्या वॅटमध्ये तेवढेच काम होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पीक’ वॅटचा आकडा क्षणभराचा असतो. सतत किती वॅट मिळतात ते विचारावे. दुसरी गोष्ट, मिक्सर घेण्याआधी माणसे मोजावीत. दोन गायक, एक पेटीवाला, तबल्याला दोन माइक, ढोलकीला एक, कीबोर्डच्या दोन तारा, एवढ्या झाल्या आठ वाटा. चार राखीव धरा, बारा झाल्या. बत्तिसांचे पैसे कशाला द्यायचे? प्रत्येक साथीदाराला आपला आवाज वेगळा ऐकवण्याची सोय मात्र पाहून घ्यावी. टॅब्लेटवर चालणारा मिक्सर घेतला तर चार्जिंग संपल्यावर किंवा बिनतारी जोड तुटल्यावर काय करायचे, याचा विचार आधीच करावा.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक भर मंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला. हातात गिटार होती, आणि स्पर्श झाला तो अर्थिंग नसलेल्या माइकला. तीन पायांच्या प्लगचा एक पाय कापून काम भागवणारे आपल्या मांडवांतही दिसतात. पेटी जुनी चालेल, रंग उडालेली चालेल. पण अर्थिंगवर पैसे वाचवणे म्हणजे साथीदाराच्या जिवावर वाचवणे होय.

आवाज स्वस्त झाला, तशी त्याची उधळपट्टीही वाढली. ज्या पीट टाउनशेंडने मार्शलकडे शंभर वॅटची पेटी मागितली, त्याला पुढे ऐकू कमी येऊ लागले आणि त्याने ते जाहीरपणे सांगितले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे लावण्यास मनाई केली. सणासुदीचे मोजके दिवस राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते. पलीकडच्या खोलीत कोणाचे तान्हे मूल निजलेले असते, कोणाचे म्हातारे आजारी असतात, हे नियमावाचूनही कळायला हवे.

या पेटीचे खरे काम भिंती हादरवण्याचे कधीच नव्हते. लहान गळ्याच्या माणसाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे, एवढेच तिचे काम. फेंडरने ते तक्रारी ऐकून साधले, मार्शलने पोरांचे खिसे ओळखून साधले. दुकानात गेल्यावर आपणही आकड्यांआधी कानांना विचारावे. यंदाच्या पहाटेच्या मैफलीत एखादी मुलगी हलक्या, कोवळ्या आवाजात अभंग धरील आणि मागच्या रांगेतल्या आजीबाईंना त्यातला शब्द न् शब्द ऐकू येईल, तेव्हा त्या पेटीचे मोल फिटले असे समजावे.