मजुरीचा भाव कोण ठरवतो?

जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यांत रोज किती, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो कोणी ठरवला, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मालक म्हणतो, मुंबईचा व्यापारी मूर्तीला जो दर देतो त्यात मला सगळे बसवावे लागते. कारागीर म्हणतो, शेजारच्या कारखान्यात जे मिळते तेच इथे. एकाच छपराखाली साच्यातून मूर्ती काढणारा आणि डोळ्यांची आखणी करणारा, दोघेही दिवसभर पाठ मोडून बसतात. पण आखणीवाल्याचा रोज वरचढ. कारण विचारले तर ‘कला’ हे उत्तर येते.

ते अर्धेच खरे आहे. विटा थापणाऱ्या कातकऱ्याचा हातही वर्षानुवर्षांनी बसलेला असतो. भातलावणीला वाकलेल्या बाईचे कसब तर कोणी कसब म्हणून मोजतच नाही. आखणीवाल्याला भाव मिळतो, कारण गणपतीच्या आधी त्याला दुसऱ्या कारखान्यांतूनही बोलावणे असते. रोज ठरतो तो, माझ्या मते, मुख्यतः यावर : ‘नाही’ म्हटल्यानंतर घरची चूल किती दिवस पेटेल?

ॲडम स्मिथने १७७६ साली जवळपास हेच मांडले आहे. मालक काम बंद ठेवून वर्ष-दोन वर्षे काढू शकतो, मजुरांतल्या अनेकांना आठवडाही जड. याला अपवाद ठरावा असा प्रसंग पेणच्या शेजारी, अलिबाग तालुक्यात घडला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने, कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचे ठरवले. खंडाचा प्रश्न म्हणजे मजुरीचा प्रश्न नव्हे, असे कोणी म्हणेल. पण खोताने पिकातला वाटा उचलल्यावर कुळाकडे जे उरे, ती त्याच्या घरच्या सगळ्या माणसांची वर्षाची मजुरीच होती. खोताच्या घरची वेठ आणखी वेगळी. तिला मोलच नव्हते.

पंचवीस गावांनी जमिनी ओस टाकल्या आणि संप १९३९पर्यंत चालला. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासळी मारली, मिळेल ती मजुरी केली. डॉ. आंबेडकर १९३४मध्ये चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या लढ्यावर लिहिताना नेते आणि सभा यांना भरपूर जागा मिळते. जंगल आणि खाडी यांना मात्र एखादे वाक्य. पण ही दोन्ही नसती, तर संप दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तरी टिकला असता का?

याच कारणाने १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी केलेल्या संपाकडेही मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे एक घर सुटले तरी चार उरतात. मालकाच्याच घरी मुक्कामाला राहणाऱ्या बाईला पगारावरून बोलायचे, तर डोक्यावरचे छप्परही पणाला लावावे लागते.

कातकऱ्याची गोष्ट नेमकी उलट्या टोकाची. ही जमात नावाप्रमाणे कात काढणारी. वनकायद्यांनी जंगल राखीव होत गेले, तशी ती दुसऱ्याच्या कामावर आली. आज पेण-रोह्याच्या वाड्यांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात. पण त्यांच्या मजुरीचा सौदा दिवाळीनंतर होत नाही. तो होतो भर पावसाळ्यात. घरातले तांदूळ संपलेले, कोणी आजारी, हाताला काम नाही. अशा वेळी मुकादम उचल देतो. तिथेच दरही ठरतो. दर हजार विटांमागे, नवरा-बायकोचा मिळून. पोरांनी माती वाहिली तर ती त्यातच. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तीही खात्यावर चढते. उचलीवर व्याज लावल्याचे सहसा कोणी सांगत नाही. ते लावावे लागत नाही, कमी दरात मुरवलेले असते.

कायदे आहेत. किमान वेतनाचा कायदा १९४८मध्ये झाला, वेठबिगारी नष्ट करणारा १९७६मध्ये. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन करवून घेतलेले काम हे घटनेच्या २३व्या कलमाखाली सक्तीचेच श्रम होत. भुकेची सक्तीही सक्तीच, असा त्याचा अर्थ. या निकालाइतके स्पष्ट विवेचन मला अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचित भेटले.

‘नाही’ म्हणण्याची सोय करून देणारी योजना महाराष्ट्रानेच आधी केली : वि. स. पागे यांची रोजगार हमी, कायदा १९७७चा. गावाजवळ हमीचे काम चालू असेल तर त्याहून कमी रोज सांगायला जमीनदाराची जीभ रेटत नाही. शिवाय बाई-पुरुषांना दर सारखा. पण हमीची मजुरी कामानंतर, मोजमाप होऊन, मस्टर पुढे सरकल्यावर मिळते. उचल कामाच्या चार महिने आधी मिळते. पावसाळ्यात पोर तापाने फणफणलेले असताना बाप कोणती निवडणार?

जोह्यातही उचल आहे, फक्त साखळी लांब. कारागीर मालकाकडून घेतो, मालक व्यापाऱ्याकडून. ३० जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदी काटेकोर पाळण्यास सांगितले. ९ जूनला मूर्ती घडवण्यास मुभा मिळाली, विसर्जनाची अट राहिली. मधले चार महिने कारखान्यांच्या मोसमाचे. चर्चा प्रदूषणाची झाली, श्रद्धेची झाली. रोजावरच्या माणसाने आधीच घेऊन खर्च केलेल्या पैशांचे काय, हा विषय त्यात फारसा आला नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वाड्यांवर टेम्पो लागलेले असतील. भांडी, कोंबड्या, पोरे सगळे त्यात. पावसाच्या तोंडावर हिशेब होईल, आणि जी बाकी निघेल ती पुढच्या दिवाळीच्या खात्यावर पडेल.