ड्रायव्हरचे महात्म्य

घरी अँप्लिफायर जोडणारे बोलतात ते शेवटच्या बड्या व्हॉल्व्हबद्दल. माझा जीव मात्र त्याला ढकलणाऱ्या ड्रायव्हर व्हॉल्व्हवर! १९४७ साली विल्यमसनसाहेबांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १५ वॉटच्या अँप्लिफायरचा आराखडा छापला. त्यात केटी६६ ची जोडी मिरवणार, अन् तिला ढकलायला साधे एल६३! अमेरिकेतल्या हौशींनी तिथे ६एसएन७ बसवला. म्हणजे जवळजवळ दोन एल६३, एकाच काचेत बिऱ्हाड केलेले.

हा दाब वाढवणार फार तर २० पट. ईसीसी८३ मात्र १०० पट! मग तोच का नको? कारण त्याचा आतला रोध मोठा. ओझे आले की गडी दमलाच. लग्नघरात 'अरे, पातेली उचला' असे ओरडणारे काका शंभरपट. पण पंगत उठते ती पातेली उचलणाऱ्याच्या जिवावर.