दुसऱ्या पडद्याचं कूळ

वसईत होळी या ठिकाणाच्या आसपासच्या गावांत लग्नांचा मोसम ओसरला, की व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांचा सुरू होतो. उपासकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात चर्चमध्ये लग्नं सहसा लागत नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी उरलेल्या महिन्यांत होते. त्यात मिस्साचं चित्रण तीन-चार कॅमेऱ्यांचं. एडिटरच्या टेबलावर एका पडद्यावर टाइमलाइन, दुसऱ्यावर क्लिपा, तिसऱ्यावर पूर्ण चित्र. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला माणूस मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेला, की ठरलेला सल्ला मिळतो: मॉनिटर तीन, म्हणजे कार्ड मोठं. हा सल्ला किती फसवा आहे, ते कार्डाची कुळकथा पाहिली की कळतं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्यासाठी दोन कार्डं होती. एमडीए फक्त अक्षरं दाखवायचं, सीजीए रंगीत चित्रं. दोघांच्या स्मृतीचे पत्ते वेगळे असल्याने ती एकाच यंत्रात गुण्यागोविंदानं नांदत. प्रोग्राम लिहिणारे एका पडद्यावर चित्र चालवत आणि दुसऱ्यावर त्यातल्या चुका शोधत. म्हणजे दोन मॉनिटरची सोय पीसीइतकीच जुनी आहे, आणि तिला लागलेली स्मृती किती? एमडीएकडे ४ किलोबाइट, सीजीएकडे १६.

पुढची पायरी गेम खेळणाऱ्यांनी घातली असेल असं वाटतं, पण ती घातली लिपीनं. व्हॅन सुवन्नुकुल या थाई अभियंत्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि आयबीएमचं अक्षरकार्ड ती लिपी दाखवेना. त्यातून १९८२ मध्ये हर्क्युलिस कार्ड जन्मलं. ते ७२० बाय ३४८ ठिपक्यांवर हवं ते रेखाटायचं.

आपल्याकडेही हेच दुखणं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून आलेला पूर्वज मला या कुळात सर्वांत जवळचा वाटतो. मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि ‘जिस्ट’ कार्ड म्हणून कार्यालयांत पोहोचलं. पीसीच्या खाचेत ते बसवलं, की देवनागरीची गंधवार्ता नसलेले डॉसचे प्रोग्रामही जोडाक्षरं दाखवू लागत, कारण अक्षरं जुळवण्याचं काम कार्ड स्वतः करायचं. सी-डॅकच्याच ‘लिप्स’ या तंत्रानं पुढे दूरदर्शनवरच्या चित्रपटांना भारतीय भाषांतली उपशीर्षकं मिळाली. व्हिडिओवर मराठी अक्षर उमटवणं आज फुकटात होतं, तेव्हा त्यासाठी हार्डवेअर लागत होतं.

संकलकांकडे अनेक पडदे आले ते मॅकमार्गे. १९८७ च्या मॅकिंटॉश २ मध्ये सहा खाचा होत्या. जितकी कार्डं, तितके पडदे. १९८९ मध्ये ॲव्हिडनं मीडिया कंपोझर हा संकलनाचा प्रोग्राम त्याच घराण्यावर उभा केला. विंडोज ९८ नं नऊ मॉनिटरपर्यंत मुभा दिली, आणि १९९९ मध्ये मॅट्रॉक्सच्या जी४०० नं एकाच कार्डातून दोन पडदे चालवून दाखवले.

त्याच वर्षी एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. कुळाची दुसरी शाखा इथे फुटली, ती आकडेमोडीची. २००७ मध्ये एनव्हिडियाचं कूडा हे तंत्र आलं आणि कार्डाला चित्राखेरीज इतर गणितही सांगता येऊ लागलं. २०१० च्या प्रीमिअर प्रो सीएस५ या संकलनाच्या प्रोग्रामनं त्याचा फायदा घेतला, पण मोजक्याच कार्डांपुरता. ती यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असल्याने लोकांनी त्यात आपल्या स्वस्त कार्डाचं नाव टाइप केलं, आणि बहुतेकांचं चाललं!

आता हिशेब करू. ४के पडद्याचं एक चित्र ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे ३३ मेगाबाइट. तीन पडदे धरले तरी शंभराच्या आसपास. ८ गिगाबाइटच्या कार्डाला हे खिजगणतीतही नाही. स्मृती खातात ते रंगसंस्कार, गोंगाट काढणारे इफेक्ट आणि थरावर थर चढवलेल्या क्लिपा. मॉनिटरसाठी फक्त मागची छिद्रं मोजायची: किती डिस्प्लेपोर्ट, किती एचडीएमआय, आणि एकाच वेळी किती चालतात.

खरी मेख तिसऱ्या, धाकट्या शाखेत आहे: व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग. सोनीच्या ए७ फोरसारख्या कॅमेऱ्यात १० बिट ४:२:२ एचईव्हीसी चित्रण होतं. ते हार्डवेअरनं उलगडणं एनव्हिडियाच्या जीफोर्सना २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत जमत नव्हतं. कार्ड कितीही महाग असो, भार प्रोसेसरवरच पडायचा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतलं अंगचं ग्राफिक्स मात्र ते करतं. म्हणून असं चित्रण असेल आणि बजेट बेताचं असेल, तर नावात एफ अक्षर नसलेला, म्हणजे अंगचं ग्राफिक्स असलेला, इंटेल प्रोसेसर घ्यावा, मधल्या किमतीचं कार्ड घ्यावं, बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवावं आणि तिसरा मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला जोडावा.